नातीचा कान झाकायला निघाले

नाशिकहून सकाळच्या गाडीत बसले तेव्हा पिशवीत दोन साड्या, गुडघ्याचं तेल आणि एक दोरा होता. दोऱ्याला दोन गाठी. त्यांच्यामधलं अंतर म्हणजे माझ्या नातीच्या उजव्या कानाची उंची.

नात नयना सात वर्षं भारताच्या संघातून रग्बी खेळते. आठ जणी एकमेकींना घट्ट धरून, वाकून, समोरच्या आठ जणींना रेटतात (त्याला स्क्रम म्हणतात). त्यात नयना पहिल्या रांगेत. डोक्याला डोकी घासून तिचे कान सुजत गेले, आणि उजवा तर भज्यासारखा फुगून तसाच घट्ट झाला. परदेशांत जाऊन खेळली, पण चेंडू घेऊन पळणं तिच्या वाट्याला क्वचितच येतं. एकदा पेपरात फोटो आला, त्यात ढिगाखालून तिचा एक पाय तेवढा दिसत होता. माझ्या लेकीने, सुनंदाने, त्या पायाभोवती पेनाने गोल करून तो फोटो कपाटाला चिकटवला.

तीच सुनंदा आता धास्तावली होती. मंगळवारपासून कोलकात्याला शिबिर. त्याआधी धुळ्याच्या स्थळाने होकार द्यावा, म्हणजे नयना शिबिराला जायची नाही, असा तिचा बेत. "आई, तू ये. तुझं ती ऐकते. आणि येताना जळगावहून सोन्याचे कान घेऊन ये," फोनवर म्हणाली. सोन्याचे कान (सबंध कान झाकणारा जुना दागिना) हल्ली कोण घालतं? पण मी लगेच निघाले. लबाडीचं काम असलं की माझे गुडघे दुखत नाहीत.

चाळीसगाव, पाचोरा मागे पडलं. काळ्या रानात शेवटचा कापूस वेचणाऱ्या बाया दिसल्या, मग केळीच्या बागा लागल्या. जळगावात रिक्षा करून थेट सराफाकडे गेले. त्याने दोरा मोजला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आजी, घरात कोणी पैलवान आहे का?"

"लग्नाची मुलगी आहे."

त्याने दुकानातला सगळ्यात मोठा जोड काढून दिला.

अमळनेरच्या एसटीत शेजारच्या बाईने चौकशी सुरू केली. "कोठे जाई राहिनी वं माय?" (कुठे चाललीस ग आई?) नातीचं स्थळ बघायला, म्हटलं. "पोर काय करस?"

"ढकलते," मी म्हटलं, आणि दोन्ही हातांनी करून दाखवलं.

तिने थोडा विचार केला. "बठ्ठ्या (सगळ्या) बाया तेच करतस," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

अमळनेरला सुनंदाच्या घरी पोचल्यावर कळलं की सुनंदाने मागे देऊन ठेवलेला तो दोरा वर्षभरापूर्वीचा. त्या मापानंतर पोरगी दोन दौरे करून आली होती. दागिना बसला, पण चावा घेतल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेलो. मुलाकडच्यांनी शहराबाहेरच्या आपल्या शेतातच भरीत पार्टी ठेवली होती. खानदेशात थंडीत पाहुणचाराची हीच रीत. हिरवी मोठी वांगी पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर भाजली जात होती, आणि बडगीत (लाकडी कुंडात) मिरच्यांबरोबर कुटली जात होती. धुराने सगळ्यांचे डोळे लाल झाले होते, त्यामुळे कोण लाजतंय ते कळत नव्हतं. मुलगा बिचारा वांग्यांशीच बोलत होता.

केळीच्या पानावर भरीत आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या आल्या. नयना चावू लागली की दागिना तिला जास्तच करकचत होता. चौथ्या घासाला तिने तो काढून पानाशेजारी ठेवला. सुनंदाचा हात तोंडाशीच थांबला.

मुलाच्या आजीने, अक्कांनी, पुढे वाकून पाहिलं. "पोरी, हाई कशानं व्हयनं?"

"खेळून, अक्का." नयनाने सगळं सांगितलं, शिबिरासकट.

मुलाचे वडील शांत माणूस. "खेळ चांगलाच आहे," ते म्हणाले. "पण लग्न ठरल्यावर सोडेल ना? आजी, तुम्ही सांगा." सुनंदाने माझ्या मांडीला कोपर लावलं.

अशाच पाहुण्यांपुढे मी एकोणिसाव्या वर्षी बसले होते. आवड काय, असं विचारल्यावर, गोदावरी पोहून जाणारी ती शहाणी खाली मान घालून म्हणाली, "भरतकाम." सुई तिने धरलीही नव्हती. एका शब्दाने काय बिघडतं, असं तिला वाटलं. सासूबाईंनी तो शब्द तीस वर्षं धरून ठेवला. उशा झाल्या, रेडिओ झाला, टीव्ही झाला, शेवटी मी मिक्सरलासुद्धा वेलबुट्टीची झालर घातली. वर 'घरासाठी पोहणं सोडलं' असं ऐटीत सांगत फिरले. कोणी सोड म्हटलंच नव्हतं.

हे सगळं मी मुलाकडच्यांना सांगितलं. अक्का पोट धरून हसल्या. मग म्हटलं, "तेव्हा नयनाच्या वतीने मी खोटं बोलणार नाही. तिलाच विचारा."

"नाही सोडणार, काका," नयना म्हणाली. "पहिल्या रांगेतली बाई तिशीत पिकते. मी सत्तावीसची आहे."

अक्कांनी तिच्या पानावर आणखी दोन पुऱ्या वाढल्या. वडील म्हणाले, "कळवतो." ते कसं म्हणाले, त्यावरून सुनंदाला तिथेच कळलं. अमळनेर येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. नयनाशी तर रविवारपर्यंत नाही.

नाशिकला परतल्यापासून शेजारणी विचारतात, खानदेशात काय पाहिलंत? केळी, भरीत सांगून होतं. पण मला आठवतो तो जळगाव स्टेशनचा फलाट.

रविवारी आम्ही तिघी तिथे होतो. नयनाची गाडी उशिरा येणार होती. "आई, मानेचा व्यायाम राहिलाय," ती म्हणाली. "कपाळावर तळवे ठेव आणि मागे रेट."

सुनंदा आधी रुळांकडे बघत राहिली. मग उठली, पदर खोचला आणि रेटायला लागली. चार दिवसांचा राग तिने त्या तळव्यांत घातला. चपला घसरल्या, तशा काढून टाकल्या. समोसेवाला थांबून बघू लागला. मान हलली नाही.

"जोरात, आई."

सुनंदा दमून बॅगेवर बसली. श्वास आल्यावर तिने विचारलं, "समोरची याहून जोरात रेटते?"

"समोरून आठ जणी रेटतात. माझ्या बाजूनेही आणखी सात असतात, पण मान माझी."

सात वर्षांत हे सुनंदाने कधी विचारलं नव्हतं. ती पुन्हा उठली, नयनाच्या डाव्या कानाशी तळवे टेकवून रेटलं आणि परत बॅगेवर बसली. गाडीची घोषणा झाली, लोक सामान उचलू लागले.

"थांब," सुनंदा उठत म्हणाली. "उजवी बाजू राहिली."