आत्याचं पोट

आमची आत्या विधवा होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि अचानक तिचं पोट वाढू लागलं. आमच्या साखरा गावातल्या बायकांनी हापशावरच निदान करून टाकलं. त्यांना कसली तपासणी लागली नाही.

डॉक्टरांना मात्र लागली. हिंगोलीत सोनोग्राफी केली तर अंडाशयात मोठी गाठ दिसली. नांदेडला रक्त तपासलं, त्यात सीए-१२५ थोडं वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "अंडाशयाचा नेहमीचा कॅन्सर असू शकतो, पण हे दुसऱ्या कारणांनीही वाढतं." मग त्यांनी रक्तातलंच एलडीएच नावाचं दुसरं द्रव्य बघितलं. ते भलतंच जास्त होतं. आता त्यांना लिम्फोमाची, म्हणजे लसिकापेशींच्या कॅन्सरची शंका आली.

"म्हणजे नक्की झालं ना?" मी विचारलं.

"रक्तावरून नुसता संशय घेता येतो. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय मी कुणाबद्दल काही बोलत नाही."

या माणसाला एकदा आमच्या हापशावर नेऊन उभं करावं असं मला फार वाटलं.

तुकड्यात लिम्फोमाच निघाला. मोठं ऑपरेशन टळलं, केमोवर भागलं. काही महिन्यांनी आत्या टक्कल घेऊन घरी आली, तेव्हा त्याच बायका भेटायला आल्या. सगळ्यांत जास्त बोललेली शेजारीण बराच वेळ आत्याच्या पोटाकडे बघत बसली. शेवटी म्हणाली, "म्हंजे कॅन्सरच होता व्हय?"

आत्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"काहून? तू बारशाला आली व्हतीस का?"