तांबडं बटण, पांढरं बटण

आबांचे कान तोफखान्यात गेले. पेन्शन घेऊन ते साताऱ्याजवळच्या आमच्या गावी परतले तेव्हा उजवा कान बंदच होता, डावा निम्मा चालत होता. पुढच्या बारा वर्षांत डाव्यानेही हात टेकले. घरात आम्ही सगळेच ओरडून बोलायला लागलो, आणि सगळ्यात जास्त अर्थात आई.

बांगलादेशची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी सांगलीला नोकरीत होतो. आबांना मिरजेला नेऊन कान दाखवला. डॉक्टरांनी यंत्र लिहून दिलं: खिशात ठेवायची डबी, तिची वायर आणि वायरच्या टोकाला कानात बसवायचं गोल बटण. आबांनी आईकडे बोट करून एकच विचारलं, "हिचा आवाज पयल्यासारका ऐकू यील नव्हं?" डॉक्टर हसले. मी लाजलो.

सांगलीच्या दुकानदाराने डबी एक दिली, पण बटणं दोन. घरच्या माणसांच्या आवाजावर दोन्ही लावून बघा, नको असेल ते सोमवारी परत आणा, म्हणाला. मी वायरींना दोरे बांधले, एकीला तांबडा आणि दुसरीला पांढरा, आणि शनिवारच्या एस.टी.ने गाव गाठलं. तासाभरात निकाल लागेल अशी माझी खात्री होती. मला सगळ्याचीच घाई असते.

रविवारी जेवणं झाल्यावर आबांनी पलटणीची शिस्त लावली. स्वतः सोप्यात ताठ बसले, आईला अंगणाच्या टोकाला लिंबाखाली उभं केलं. बोलायचं काय, हा प्रश्नच नव्हता. नवऱ्याचं नाव आईने जन्मात घेतलं नव्हतं. तिची हाक एकच, "आवं, ऐकलं का?" तीच ठरली.

तांबडं लावलं. आईने हाक मारली. मग वायर बदलायची, डबी शिट्टी मारायची ती थांबवायची, बटण नीट दाबून बसवायचं, आणि पुन्हा हाक.

"ह्ये बरं हाय," आबा म्हणायचे, आणि लगेच, "न्हाई, मघाचंच बरं हुतं. लाव बघू मघाचं."

मघाचं लावलं की त्यांना त्याच्याही आधीचं बरं वाटायला लागायचं. पाचदा झालं, दहादा झालं. आई उन्हात उभी. माझी साताऱ्याहून सांगलीला जाणारी संध्याकाळची गाडी डोळ्यांपुढून हलेना. माझं टाळकं सरकलं. मी तांबडं बटण काढलं, पाठ फिरवली आणि तेच परत त्यांच्या कानात बसवलं.

"आवं, ऐकलं का?"

"हां! ह्ये कसं खणखणीत. मघाचं पार पत्र्यावानी वाजत हुतं."

"आबा, त्येच हाय! बदललंच न्हाई मी!"

यंत्र चांगलं होतं, त्यामुळे माझा शब्द न् शब्द त्यांना ऐकू गेला. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी डबी काढून माझ्या हातात ठेवली. "मग तूच घाल कानात आन् सांग, कंचं चांगलं."

मी घातलं. माझे कान तरणे आणि शाबूत, पण गत तीच. बटण बदलायला अर्धं मिनिट लागे, तेवढ्यात आधीची हाक हातची जाई. शब्द आठवत, आई लिंबाखाली उभी असल्याचं आठवे, आवाज मात्र आठवत नसे. उरे ते फक्त माझं मत. तरी मी ठासून सांगितलं, हातवाऱ्यांनी आणि ओरडून, "पांढरं!" माझी मलाच शरम वाटली.

"ठेव त्येच," आबा म्हणाले. "पर दोनीत खोट हाय. हिचा आवाज आसा घोगरा न्हाई. हिची हाक लय गोड. मळ्यापतोर यायची, पर कानाला टोचायची न्हाई. मला तेवढंच ऐकायचं हुतं रं."

आई तोवर पायरीशी आली होती. तिने सगळं ऐकलं. बटण अजून माझ्या कानात होतं. ती हळूच पुटपुटली, "यंत्राची काय बी चूक न्हाई. बारा वर्सं वरडून वरडून घसा गेला माजा. त्यास्नी सांगू नगंस."

आबा आम्हा दोघांकडे बघत होते. "काय म्हनती?"

"नवं हाय, बसंल हळूहळू, म्हनती," मी ओरडलो.

परतीच्या गाडीत मी आईची जुनी हाक आठवायला लागलो. लहानपणी दिवसातून वीसदा ऐकलेली. कराड आलं, गेलं. शब्द येत, पण दर वेळी त्या घोगऱ्या आवाजातच. ती हाक आता एकट्या आबांजवळ होती, आणि त्यांच्या आठवणीवर अर्धं मिनिटही भरवसा ठेवता येत नाही, हे मीच त्यांना ओरडून सिद्ध करून दाखवलं होतं. मी जागेवर चुळबुळत राहिलो. शेजारच्या माणसाने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का.

सोमवारी तांबडं बटण दुकानदाराच्या पुढ्यात ठेवलं. त्याने विचारलं, ह्यात काय वाईट वाटलं?

"आवाज घोगरा येतो," मी म्हणालो.