एकदाच रेकॉर्ड केलेलं वाक्य

"कुंदाताईंच्या घरात रोज कुणीतरी सुडाची शपथ घालतं," असं बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत म्हणत. भिंतीपलीकडून आवाज येई. दाक्षिणात्य चित्रपट मराठीत येतात, त्यांतल्या नायकाच्या आईला कुंदाताई आवाज देतात. सराव स्वयंपाकघरात चालतो.

त्यांच्या पतीला, लवूंना, बारा वर्षांपूर्वी सोसायटीच्या आवारातच धडक बसली. तिसऱ्या मजल्यावरचा धवल गाडी मागे घेत होता. लवू गेले. खटला झाला, शिक्षा झाली, ती भोगून धवल परतला. परंतु स्मशानातून आल्या दिवशी कुंदाताई चौदा वर्षांच्या मुलाला बोलून गेल्या होत्या, "ओजस, याला सोडू नकोस."

ओजसने सोडलं नाही. धवलच्या कुंड्यांतून गळणारं पाणी, धवलची वाकडी उभी केलेली गाडी, धवलच्या घरचे पाहुणे. प्रत्येक सभेत त्याची हरकत ठरलेली. बरोबरीच्या मुलांचे संसार सुरू झाले. ओजसला पुण्यात चांगली नोकरी चालून आली, तेव्हा तो म्हणाला, "मग याच्यावर लक्ष कोण ठेवणार?" शेजारी हसले. कुंदाताई हसल्या नाहीत.

त्याच आठवड्यात अंधेरीच्या स्टुडिओत त्यांनी एका नव्या चित्रपटातल्या आईने लहानग्या नायकाला घातलेली सुडाची शपथ रेकॉर्ड केली. मग विचारलं, "ही आई पुढेही दिसते ना? तिथलं कधी घ्यायचं?"

"नको ताई," रेकॉर्डिस्ट प्रीतम म्हणाला. "हेच वाक्य सगळीकडे चिकटवतो. ती दुसरं काही बोलतच नाही."

"आणि हा?"

पडद्यावर दाढीवाला नायक होता. बाळाचं नाव काय ठेवायचं, असं बायको विचारत होती. त्याला मात्र आईचा आवाज ऐकू येत होता.

"हा काय बोलणार? अंगाने वाढलाय फक्त. पब्लिकला असाच लागतो."

घरी येताच कुंदाताईंनी ओजसला समोर बसवलं.

"तेव्हाचं ते वाक्य मी मागे घेते."

"असं मागे घेता येतं होय?"

"आमच्या कामात येतं. चुकलं की पुन्हा बोलायचं. तू पुण्याला जा."

"आणि बाबा?"

"ते माझ्याकडे राहू देत."

तिसऱ्या दिवशी सकाळी ओजस माळ्यावरची बॅग काढून पुसू लागला.

पुढच्या सभेत धवलने खिडकीला जाळी बसवण्याची परवानगी मागितली, आणि सवयीने सगळ्यांनी ओजसच्या खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती. "आमची हरकत नाही," शेजारून कुंदाताई म्हणाल्या. बाहेर पडताना सोसायटीचे सेक्रेटरी भाऊ त्यांना गाठून हळूच म्हणाले, "ताई, माफ केलंत त्याला?"

"त्याला नाही केलं माफ. पोरगा सव्वीसचा झालाय भाऊ, त्याला अजून किती वर्षं चौदाचाच ठेवू?"