मार्गशीर्षात फुटलेला तलाव

सिलोनला जाणाऱ्याला मी आधी महिना विचारतो. गाडी, बोट, पासपोर्ट हे नंतर.

गेल्या वर्षी दीक्षा घेतलेली चांद्याची काही मंडळी यंदा अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या दर्शनाला निघाली आहेत. लढाईच्या काळात मी त्या बेटावर एक वर्ष सात महिने होतो, हे कळल्यावर त्यांच्यातले एक मास्तर घरी आले. "हवालदारसाहेब, जानाऱ्यायच्या कामी पडन असं काही लिहून द्या," म्हणाले. मी लाकडाच्या डेपोत मोजणीचं काम करतो. माझं लिहिणं लांबी, घेर आणि घनफूट एवढंच. तरी लिहितो. एक साधी गोष्ट वेळेवर ठाऊक नव्हती म्हणून आमची तीन माणसं गेली, आणि ती गोष्ट भूगोलाची होती.

बल्लारशाहून मद्रास, मद्रासहून धनुष्कोडी. तिथून बोटीने दोन-अडीच तासांत पलीकडचा किनारा, आणि पुढे रेल्वे थेट अनुराधापुराला जाते. बेट उत्तर-दक्षिण सुमारे दोनशे सत्तर मैल आणि रुंदीला जास्तीत जास्त एकशे चाळीस. आपला चांदा जिल्हा सिरोंचापर्यंत पायी तुडवलेल्याला ते मोठं वाटणार नाही. दक्षिणेकडे मध्यभागी डोंगर आहेत, त्यावर चहा. डोंगराच्या नैऋत्येला कोलंबो. तिथे आपल्यासारखा ज्येष्ठ-आषाढात पाऊस येतो. डोंगराच्या उत्तरेला आणि पूर्वेला त्या महिन्यांत कोरडं. या कोरड्या भागातच जुनी राजधानी आहे आणि जुने तलाव आहेत.

दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजांनी तिथे ओढे अडवून तलाव बांधले. एकाखाली एक, माळेसारखे. वरच्याचं जादा पाणी खालच्यात उतरतं. पुढे राजधानी दक्षिणेकडे सरकली, हिवताप पसरला, आणि बरेच तलाव जंगलाने गिळले. आपल्याकडे गोंडराजांच्या अमलात तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळे, म्हणून गावोगाव तलाव झाले. गडचिरोली-चामोर्शीकडचा माणूस तिथे गेला, की त्याला आपल्याच मुलखात आल्यासारखं वाटतं. मातीची पाळ, पाळीवर झाडं, पाण्यात कमळं, खाली धान. आम्हालाही तसंच वाटलं, आणि आम्ही त्यावर विसंबलो.

आमची पायोनियर कंपनी. काम जंगल तोडून रस्ता करण्याचं. कार्तिक संपता संपता कंपनी कमांडरसाहेबांनी एक तुकडी पुढे पाठवली. एकूण त्रेचाळीस माणसं. वर जमादारसाहेब, त्यांच्या हाताखाली मी. जमादारसाहेब उत्तरेकडच्या वाळवंटी भागातले, कडक आणि सरळ माणूस. तुकडीत चांदा जिल्ह्याचे आम्ही दोघे, मी आणि सिपाही कवडू. कवडू चामोर्शीजवळच्या खेड्यातला. त्याचा बाप लटारी गावच्या तलावाचा पाणकर, म्हणजे कोणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ पाणी सोडायचं हे ठरवणारा माणूस. कवडू पाळीवर वाढला होता.

पहिल्या दिवशी दुपारी एकला आम्ही एका तलावापाशी पोहोचलो. जमादारसाहेबांनी मला बोलावलं.

"हवालदार, तुम तालाबवाले लोग हो. कैंप कहाँ लगेगा?"

मी कवडूला घेऊन जागा पाहिली. तलाव निम्मा भरलेला. सांडव्याखाली गवताचं सपाट मैदान होतं. लांबी मी पावलांनी मोजली, दोनशे दहा पावलं. झाडं कमी, जमीन टणक, पाणी जवळ. सांडव्यातून थेंबही वाहत नव्हता. आपल्याकडे दिवाळीनंतर सांडवा सुकला, की त्याच्याखाली गुरं बसतात, बाजाराला जाणाऱ्या बैलबंड्या सुटतात, लग्नाचा मांडवसुद्धा पडतो. पुढच्या आषाढापर्यंत ती जागा माणसांची असते.

मैदानाच्या कडेला झुडपं होती. त्यांच्या फांद्यांत वाळलेलं गवत आणि काटक्या अडकल्या होत्या. मी टेप लावली. चार फूट दोन इंच.

"कवडू, इथून पाणी गेलंय."

"गेलं असन ना, भाऊ. सरावनातलं हाय ते. आता पाऊस कुठी? मार्गशीर्ष लागला."

मलाही ते पटलं. मी जमादारसाहेबांना सॅल्यूट करून सांगितलं, "जगह ठीक है, साहब. बारिश हो चुकी." तीन वाजेपर्यंत तंबू लागले.

दुसऱ्या दिवसापासून रोजचं काम सुरू झालं. पाचला उठणं, सहाला फॉल-इन, अकरापर्यंत कुऱ्हाड, दोन ते पाच पुन्हा कुऱ्हाड. हिवतापाची गोळी मी स्वतः प्रत्येकाच्या तोंडात टाकून गिळवून घेत असे, तरी माणसं तापाने पडत. वाटेवर गावकऱ्यांची शेतं होती. त्यांत वीतभर हिरवं धान उभं होतं. ते पाहून कवडू पोट धरून हसला.

"भाऊ, पाहा न! आमच्याकडे धान खळ्यात पडलं, अन् हे आता पेरून बसले. यायले खेती येते का नाई?"

"त्यांना शिकव जाऊन."

"शिकवतो ना. लढाई सरू द्या. बापाले आणतो इथी. बुढा पाळीवर बसून साऱ्यायले शिव्या देईन, दोन सालात सुधरतीन."

सगळे हसले. मीही हसलो. त्या लोकांचे बापजादे दीड हजार वर्षं तिथे धान पिकवत आले होते. ते आता का पेरतात, हा प्रश्न आमच्या दोघांच्याही मनात आला नाही.

बाराव्या दिवशी ईशान्येकडून वारा सुटला आणि पाऊस लागला. आम्ही अवकाळी म्हणालो. आपल्याकडे अवकाळी एक दिवस येतो आणि तुरीचं नुकसान करून जातो. हा तीन दिवस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सांडव्यावरून बोटभर पाणी वाहू लागलं. मी जमादारसाहेबांना वर्दी दिली. त्यांनी विचारलं, "खतरा है?" मी कवडूकडे पाहिलं. तो सांडव्याच्या दगडावर बसून पाणी बघत होता. "अजून हातभर जागा हाय पाळीले," तो म्हणाला. "एवढं पाणी सांडवा पेलते."

हिशेब चुकीचा नव्हता. त्या एका तलावाचा हिशेब होता तो. वरच्या दोन तलावांचा कोणी केला नाही, कारण ते जंगलात होते आणि आम्ही पाहिलेच नव्हते.

पावसामुळे त्या दिवशी माणसं दुपारी तीनलाच कामावरून परत आली होती. लांगरी बुधाजी चहाचं पातेलं चढवत होता. सिक तंबूत तापाचे तिघे पडून होते. तीन वाजून दहा मिनिटांनी कवडू माझ्याशी बोलता बोलता थांबला. त्याने मान वळवली.

"काय रे?"

"गप राहा, भाऊ."

मला फक्त पाऊस ऐकू येत होता.

"वरचा फुटला," तो म्हणाला, आणि ओरडत सुटला. "पाळीवर चढा! सामान टाका! पाळीवर!"

मी शिट्टी वाजवली. जमादारसाहेबांनी हुकूम दिला, "सब ऊपर! दाहिने से! हथियार छोड़ो!" हत्यार सोडा असा हुकूम मी सगळ्या नोकरीत तेवढा एकदाच ऐकला. माणसं पाळीच्या उजव्या टोकाकडे धावली. तिथे पाळ जुन्या खडकाला टेकली होती. कवडू उलट, सिक तंबूकडे गेला. एकाला पाठीवर घेऊन आला आणि माझ्या हातात दिला. परत गेला, दुसऱ्याला आणलं. तोवर पाणी गुडघ्याला लागलं होतं. स्वयंपाकाच्या छपरातून बुधाजीही सिक तंबूकडे वळलेला मी पाहिला. तिसरा आजारी सखाराम, जवान आणि अंगाने जड. दोघांनी त्याला दोन बाजूंनी उचललं.

तेव्हा पाळ मध्ये फुटली. आवाज मोठा नव्हता. पाळीची माती बसली, आणि तिच्या मागे तलाव उभा होता. तंबू, छप्पर आणि ते तिघे एकदमच दिसेनासे झाले.

पाळीच्या टोकावर मी गिनती घेतली.

"कितने?"

"चालीस, साहब."

"फिर से गिनो."

पुन्हा मोजलं. चाळीस.

पाळ फुटली तेव्हा तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. कवडूने सावध केल्यापासून पंधरा मिनिटं. ती पंधरा मिनिटं मिळाली नसती तर मी हे लिहायला नसतो. दुसऱ्या दिवशी दीड मैल खाली, त्याच हिरव्या धानाच्या शेतांत, तिघे सापडले. गावकरी आमच्या आधी तिथे पोहोचले होते. त्यांनी तिघांना बांधावर ओळीने ठेवून वर केळीची पानं घातली होती.

आठ दिवसांनी चौकशी झाली. कंपनी कमांडरसाहेबांच्या टेबलावर एक पातळ पुस्तिका होती. त्या बेटाचा भूगोल, इतिहास, हवामान, सगळं इंग्रजीत. उतरतानाच ती ऑफिसरांना वाटली होती. आम्हाला मिळाला होता हिंदुस्तानीत छापलेला कागद. त्यावर लिहिलं होतं, की नारळ विचारल्याशिवाय तोडू नये आणि बायकांकडे पाहू नये. साहेबांनी पुस्तिकेचं पान उघडून वाचलं. बेटाच्या या बाजूला मुख्य पाऊस नोव्हेंबर ते जानेवारी. एक ओळ. ती ओळ आमच्या त्रेचाळीस माणसांच्या मागोमाग ट्रंकेत प्रवास करत होती.

"जागा कोणी निवडली?"

"मी, साहेब."

"जमादारांनी हुकूम दिला?"

"त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. चूक माझी आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. चूक माझी असं लिहिलं असतं, तर पुस्तिका कोणाकडे होती हा पुढचा प्रश्न आला असता. कागदावर उतरलं ते एवढंच, की कँप नेहमीच्या पद्धतीप्रमाणे लावला होता आणि अचानक नैसर्गिक आपत्ती आली. कवडूने काय केलं हे मी दोनदा सांगितलं. तेही लिहिलं गेलं नाही. तो वाचवायला गेला म्हटलं, की कशापासून हे आलं, आणि मग कोणामुळे हेही आलं. घरी तार गेली, 'ड्यूटीवर बुडून मृत्यू'.

लढाई संपल्यावर सुटून आलो, आणि तिसऱ्याच आठवड्यात चामोर्शीला गेलो. तिथून पायी कवडूच्या गावी. लटारीकाका पाळीवर भेटले. मी पायावर डोकं ठेवलं आणि न थांबता सगळं सांगितलं. जागा मी निवडली हेही सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"कोन्ता महिना म्हन्ला तू?"

"मार्गशीर्ष, काकाजी."

"मार्गशीर्षात तलाव फुटला?"

"तिकडे पावसाळा तेव्हाच असतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. कीव होती.

"बाबू, मी बेचाळीस सालं पानकर आहो. तलाव फुटते आषाढात, नाईतर भादव्यात. तू शिकलेला मानूस, खोटं काऊन सांगून राह्यला? माह्या पोराले गोळी घातली काय? पळून गेलता काय तो?"

"नाही हो. त्याने माणसं वाचवली. मी त्यातलाच एक."

"वाचवनाऱ्याचा कागद येते. त्याचा आला नाई." ते उठले. "राहू दे. तुले बी काही मजबुरी असन. च्या पिऊन जा."

तार आली तेव्हापासून गावात हेच बोलणं होतं, की मार्गशीर्षात बुडाला म्हणजे सरकार काहीतरी लपवून राहिलं आहे. बुडून मेला हे आषाढात कळवलं असतं, तर सगळ्यांनी मानलं असतं.

मी आणखी दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी शाळेचा नकाशा नेला. ईशान्येचा वारा समुद्रावरून पाणी कसं उचलतो ते बोटाने दाखवलं. काकांनी बेटावर अंगठा ठेवला. बेट अंगठ्याखाली झाकून गेलं.

"एवढ्याशा जाग्यात दोन पावसाळे?" ते म्हणाले. "नाई भाऊ."

मी त्यांना दोष देत नाही. दोष द्यायचा तर मला द्यावा लागेल. फांदीवरचं गवत टेपने मोजूनही मी तेच मानलं होतं, जे ते मानत होते.

लटारीकाका दोन वर्षांपूर्वी वारले. कवडूची बायको आणि मुलगा त्या गावात राहतात. कवडू पळताना मारला गेला असं तिथे आजही बोललं जातं, त्याच्या मुलासमोरही.

लांगरी बुधाजी, वय एकेचाळीस. सिपाही सखाराम, वय बावीस. सिपाही कवडू लटारी, चामोर्शीकडचा, वय सव्वीस. तिघेही पाण्यात गेले. महिना मार्गशीर्षच होता.