दुसऱ्या सहीची जागा

"सर गेले," एवढंच पाठककाकू फोनवर म्हणाल्या आणि मी भर दुपारी पडेगावच्या रस्त्यावर स्कूटर कडेला घेऊन उभी राहिले. त्यांच्याकडेच निघाले होते, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे त्यांच्या घराचं वळण टाळून मी पुढे आले होते. आठवडाभर त्यांचे फोनही उचलले नव्हते. पाठकसरांना जाऊन आता सहा आठवडे झाले, आणि ते टाळलेलं वळण काही केल्या डोक्यातून जात नाही.

सर भूजल खात्यातले. निवृत्तीनंतर रस्ते, कारखाने, खाणी यांच्या पर्यावरण आढाव्याची कामं घ्यायचे आणि मी नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली होते. माणूस तऱ्हेवाईक. चहा पार गार करून प्यायचे, आणि प्रवासात कुणाला डुलकी लागली की मुद्दाम खिडकी उघडायचे. अहवालात मी जिथं सही करायची तिथं पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवायचे आणि सही झाली की स्वतः खोडरबर घेऊन ती पुसायचे. "तुझा भरवसा नाही शुभांगी, घाईत माझ्याच नावावर सही ठोकशील," म्हणायचे. मी चिडायचे. त्यांना तेच हवं असायचं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी विदर्भातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत आग धुमसायला लागली. कामगार सुखरूप वर आले होते, पण आग विझवायची तर वरच्या माळावरून थेट खाणीपर्यंत बोअर मारून पाणी आणि वाळू आत सोडणं भाग होतं. तातडीचं काम, म्हणून यंत्रं आधी लागली आणि आढाव्याला आम्हाला मागाहून बोलावलं. चार दिवसांत आम्ही गावच्या यादीतली एकूण एक विहीर मोजली. बोअरमधून निघणारा राखाडी चिखल साठवायचा खड्डा पाण्याच्या प्रत्येक जागेपासून पुरेसा लांब आहे, असं लिहून दिलं. दोघांच्या सह्या झाल्या, फुली पुसली गेली. त्या खड्ड्याच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या कोरड्या पात्रात बाभळीच्या फांद्यांचा एक ढीग होता. मी त्याला टेकवून माझी बॅग ठेवली होती...

महिन्याभरानं विहिरी पुन्हा मोजायला गेलो, तेव्हा त्या ढिगापाशी एक मेंढपाळ बाई बसलेली. "तुमी संभाजीनगरचे व्हय? आमी सिल्लोडकडचं," गयाबाई म्हणाली. दरवर्षी ज्वारी निघाली की तिचं कुटुंब मेंढरं घेऊन तिथं येतं, पात्रातली वाळू उकरून झिरा करतं आणि कुत्र्या-डुकरांनी पाणी नासवू नये म्हणून वर काटे टाकतं. तिनं फांद्या बाजूला केल्या. आत पाणी नव्हतं, आमच्या खड्ड्यातून झिरपलेला राखाडी चिखल होता. "दोन कोकरं गेली पाण्यावाचून. लई काय नाय, मेंढरं कुठं पितेत येवढं इचारायचं व्हतं, सायेब." आयुष्यभर पाणी मोजलेला माणूस त्या दिवशी मान वर करेना.

परत आल्यावर सरांनी पुरवणी अहवाल लिहिला. झिऱ्याची नोंद आमच्याकडून सुटली, मेंढपाळ पुन्हा येण्याआधी खड्डा उपसून पात्र साफ करा. पण मूळ अहवालावर दोघांच्या सह्या, म्हणून पुरवणीवरही दोघांच्याच हव्यात असं अहवाल घेणाऱ्या कार्यालयानं कळवलं. मी नाही म्हटलं.

"आपलीच चूक आपण लिहून दिली तर पुढे काम कोण देणार, सर?"

"नाही दिलं तर घरी बसू. गयाबाईनं कुठं बसायचं?"

"तुमचं सगळं करून झालंय. माझं व्हायचंय अजून," मी म्हणाले. ते फक्त "बरं..." म्हणाले. त्या "बरं"ची मला आजही लाज वाटते.

गेला उन्हाळा तसाच गेला. गयाबाईनं तिकडे न जाता मेंढरं विकून अर्ध्यावर आणली आणि दुसऱ्यांच्या मक्यात मजुरी केली. सर सिल्लोडला जाऊन तिला भेटून आले, चूक माझी आहे म्हणून सांगून आले. तिथं दिलेला चहा गरम गरम प्यायले म्हणे. यंदा ती पुन्हा तिकडे निघणार आहे हे सांगायलाच त्या शेवटच्या आठवड्यात ते मला फोन करत होते. हे मला काकूंकडून कळलं.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेले. टेबलावर मोजपट्टी, चष्मा, अर्धा झिजलेला खोडरबर आणि ती फाईल. शेवटच्या पानावर त्यांची सही होती आणि शेजारी माझ्या जागेवर फुली. एरवी जेमतेम दिसायची, ही मात्र पुन्हा पुन्हा गिरवून काळी झालेली. काकूंच्या समोरच सही केली. त्यांनी खोडरबर पुढे सरकवला. मला तो हातात घेववेना.

सोमवारी कार्यालयात पुरवणी दिली आणि बाहेर येऊन गयाबाईला फोन केला. सर गेल्याचं सांगितलं. पलीकडे तिनं मेंढरांना हाक देऊन थांबवलं. मग म्हणाली, "मंग खड्डा निघाला का नाय, ते बघायला कोण येनार?"

"मी येते," म्हणाले. आत कारकुनानं अहवाल चाळताना मला हटकलं होतं, "मॅडम, ही फुली पुसायची राहिली."

राहू द्या, म्हटलं.