ताई आणि बोगद्यातल्या पाकोळ्या

पाल दिसली की ताई खोलीबाहेर आणि भावोजी झाडू घेऊन खोलीत, हा आमच्याकडचा नेहमीचा प्रकार. त्यामुळे पन्नाशीला आलेल्या माझ्या या थोरल्या बहिणीने एका रविवारी जाहीर केलं, की ती इस्पितळातली नोकरी सोडून वटवाघळांवर काम करणार आहे, तेव्हा भावोजींना चहाचा ठसका लागला. मी वरच्याच मजल्यावर राहते. तो ठसका ऐकूनच खाली आले.

ताई इस्पितळात रक्त तपासायची. सकाळपासून साखर, हिमोग्लोबिन, परत साखर. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. एवढ्या वर्षांत तिने कामाची तक्रार केली नाही आणि कौतुकही केलं नाही. मग तिला कळलं, की विद्यापीठातल्या एका गटाला प्रयोगशाळेसाठी हात बसलेली तंत्रज्ञ हवी आहे. रानातल्या वटवाघळांच्या अंगात कोणकोणते कोरोना विषाणू नांदतात हे त्यांना शोधायचं होतं. माणसाला त्रास व्हायच्या आत विषाणूशी ओळख करून घ्यायची, असा बेत.

मुलाखतीत गटप्रमुखांनी विचारलं, "वटवाघळांची भीती वाटते का?"

"वाटते," ताई म्हणाली. "सुरुवातीला रक्ताचीही वाटायची."

गटप्रमुख इतके उंच होते की सगळे त्यांना लंबू म्हणत, अगदी तोंडावरही. ते हसले आणि तिला घेतलं.

रेबीजच्या लशी टोचून झाल्या, हातमोजे घालायचा सराव झाला, आणि एका संध्याकाळी ताई पहिल्यांदा कालव्याच्या जुन्या बोगद्यापाशी गेली. कालवा कधीचाच कोरडा पडलेला. आत पानासारखं नाक असलेल्या पाकोळ्यांची, म्हणजे छोट्या वटवाघळांची, मोठी वस्ती. तोंडाशी एक उंच चौकट उभी केली होती, तिच्यात बारीक तारा ताणलेल्या. तारांना अडलेली पाकोळी अलगद खालच्या कापडी झोळीत घसरायची. लंबूंनी एक बाहेर काढली आणि ताईच्या हातात दिली.

"नुसती टकमक बघत होती माझ्याकडे," ताईने घरी येऊन मला सांगितलं. "माझ्या अंगठ्याएवढं अंग, आणि छाती अशी धडधडतेय की बोटांना कळत होती. तिने माझा हातमोजा चावला. मी म्हटलं, झालं गं बाई, एवढंच, आता झालंच. लहान मुलांचं रक्त काढताना म्हणायचे ना, तसं."

तोंडातून कापसाची बारीक काडी फिरवायची, विष्ठेचा नमुना घ्यायचा, वजन करायचं आणि सोडून द्यायचं. मास्क सगळ्यांच्या तोंडाला. त्यांचं आपल्याला लागू नये आणि आपलं त्यांना. ताई बोलत होती आणि भावोजी जेवायचं सोडून ऐकत होते. शेवटी हळूच म्हणाले, "आणि पालीचं काय?"

"पाल वेगळी," ताई म्हणाली.

पुढचे कित्येक आठवडे हाती काही लागलं नाही. नमुने यंत्रात जायचे आणि पडद्यावर रेघ सपाट पडायची, म्हणजे विषाणू नाही. ताईचा उत्साह मात्र भाकरीसारखा फुगलेला. मग एका दुपारी मी तिचा विसरलेला डबा द्यायला गेले. आत जायची परवानगी नव्हती, म्हणून काचेच्या दाराबाहेर थांबले. ताई यंत्रासमोर एकटीच उभी होती. पडद्यावर एक रेघ खालून निघून वळत, चढत चालली होती. ताईने मागे वळून मला पाहिलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी काचेला नाक लावून बघत राहिले.

तिने कुणालाही न सांगता तो नमुना पहिल्यापासून पुन्हा तपासला. रेघ पुन्हा चढली. तेव्हा कुठे लंबूंना हाक मारली. ते धावत आले आणि दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेतलं.

नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला होता; महिनाभराने तिथला निकाल आला: कोरोना विषाणूच, पण आजवर नोंद न झालेला. त्या संध्याकाळी ताई जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर आली, मला गदागदा हलवलं आणि म्हणाली, "अगं, हा कुणालाच माहीत नव्हता. मला आधी दिसला."

पण बातमीला पाय फुटले. बोगद्याजवळच्या गल्लीत लोकांनी धूर करून पाकोळ्या हुसकायचं ठरवलं. ताईने ऐकलं मात्र, लंबूंना घेऊन तडक तिथल्या गॅरेजात गेली. मलाही ओढलं. गॅरेजात दहा-बारा जण जमले होते.

"बाई, सरळ सांगा," गॅरेजवाला म्हणाला. "रोग आहे की नाही?"

"विषाणू आहे. याच्या ठेवणीवरून तो माणसाला लागेल असं दिसत नाही. पण शपथेवर सांगत नाही, तपासण्या चालू आहेत."

"मग धूर केलेला बरा."

"आणि त्या जातील कुठे? तुमच्या माळ्यावर. उपाशी, घाबरलेल्या. अशा अवस्थेत प्राण्याच्या अंगातून विषाणू जास्तच बाहेर पडू शकतात. आज त्या त्यांच्या घरात आहेत, तुम्ही तुमच्या. त्यांच्या घरात जातं कोण, ते सांगा."

सगळे गॅरेजवाल्याकडे बघायला लागले. त्याचे जुने टायर बोगद्यात रचलेले होते.

"टायर काढतो," तो मान खाजवत म्हणाला. "पण पोरं शिरतातच की आत."

मग लंबूंनी भिंतीवर खडूने आकृती काढली: आडव्या गजांचं फाटक, पंख पसरून पाकोळी जाईल पण माणूस जाणार नाही इतक्या फटींचं. गॅरेजवाला पुढे होऊन आकृतीतल्या फटी बोटांनी मोजायला लागला. त्याच्यातला कारागीर जागा झाला असावा. "गज माझ्याकडे पडलेत," तो म्हणाला. "जोडून देतो. पण नाही गेल्या त्या यातून, तर?"

"तर त्याच संध्याकाळी काढायचं," लंबू म्हणाले.

पालिकेची परवानगी आली आणि फाटक बसलं. त्या संध्याकाळी सगळी गल्ली लांब उभी राहून बघत होती. अंधारायला लागलं. पहिली पाकोळी आतून आली, गजांपाशी घिरटी घालून परत फिरली. दुसरीही फिरली. ताईने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. गॅरेजवाला पुटपुटत होता, "ये, ये, जागा आहे, मापानं ठेवलीय."

तिसरी आली, गजांमधून सुळकन बाहेर. तिच्यामागे आणखी एक, मग चार-पाच, आणि मग आतून वारा सुटावा तशा त्या निघाल्याच. डोक्यावरून पंखांची फडफड. ताई रडत होती आणि हसतही होती.

"पुन्हा नमुने कधी?" गॅरेजवाल्याने विचारलं.

"पुढच्या आठवड्यात," ताई म्हणाली. "पण मास्क घालून यायचं. आणि लांब उभं राहायचं."

"खुर्ची आणतो," तो म्हणाला.