मशीनच्या पोटाखालची पट्टी

आमच्या दुकानात येणारी निम्मी मशीनं मार खाऊन आलेली असतात. आणणारा म्हणतो, आपोआप बंद पडलं हो. माझा धाकटा भाऊ ते उलटसुलट करून बघतो आणि गिऱ्हाईक गेल्यावर मला सांगतो: हा बुक्का, ही भिंतीवर फेक, ही टाच. प्रिंटरला तर लोक अशा लाथा घालतात की जणू त्यानं यांचं घर बुडवलंय. बरेचदा नुसती वायर निघालेली असते.

दुकान आम्हा दोघांचं. मी काउंटरवर बसते, फोन घेते, पावत्या फाडते आणि भांडते. तो आतल्या टेबलावर मशीनं उघडतो आणि छोट्या धंदेवाल्यांच्या वेबसाइट करून देतो. 'नाव जरा आणखी मोठं करा' असा नवव्यांदा फोन आला की माझं डोकं सणकतं. हा मुकाट मोठं करून देतो. कुणी फोनवर शिव्या घातल्या तरी याचं आपलं एकच, एकदा बंद करून चालू करून बघा. त्यावरून त्याला सगळे रीस्टार्ट म्हणायला लागले. मीही तेच म्हणते.

त्याची एक सवय होती, प्रत्येक गोष्टीला पट्टी लावायची. कागदी चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर बारीक नीटस अक्षर. वायरींना पट्टी, डब्यांना पट्टी, माझ्या चष्म्याच्या घरालासुद्धा. मशीन परत देताना पासवर्ड पट्टीवर लिहून मशीनच्या पोटाखाली चिकटवायचा, कारण लोक आपलाच पासवर्ड विसरतात आणि आमच्या नावानं बोंबलतात. गिऱ्हाइकांना याचं फार कौतुक होतं. मलाही होतं, खोटं कशाला बोलू.

एक बाई लॅपटॉप घेऊन आली. घरी बसून भाषांतरं करायची. झाकण मधोमध आत गेलेलं, बिजागरी तुटलेली. म्हणाली, हातातून पडला. ती गेल्यावर रीस्टार्टनं झाकणावरून बोट फिरवलं. "ताई, हा पडलेला नाही. हा कुणीतरी तोंडासमोर धरलाय आणि वरून फटका बसलाय." मी म्हटलं, तू मशीन बघ, लोकांचे संसार बघू नकोस. हे मीच म्हटलं.

त्यानं नेहमीसारखा आतला सगळा माल आधी वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतला, मग मशीन दुरुस्त केलं आणि खाली पट्टी लावली. न्यायला तिचा नवरा आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड, मला दोनदा ताई म्हणाला. पावती दाखवली. पावती दाखवेल त्याला मशीन द्यायचं, हा माझा नियम. दिलं. पावतीवर रबरी शिक्का मारून तीही त्यालाच परत दिली.

आठवड्यानं बाई आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. डावा हात प्लास्टरमध्ये, ओठाला टाके, एक डोळा मिटलेला. खुर्ची दिली तर बसवेना, बरगड्या दुखत होत्या. तिनं सगळं सरळ सांगितलं. चार वर्षं तो तिला मारत होता. पोलिसांनी दोनदा पुरावा मागून परत पाठवलं होतं, म्हणून ती प्रत्येक वेळी फोटो काढून लॅपटॉपात ठेवायची. बहिणीकडे निघून जायचं ठरलं होतं, तीही पत्रं त्यातच. नवऱ्यानं मशीन घरी नेलं, उलटं केलं आणि पासवर्ड वाचला.

"ती पट्टी कशाला लावलीत?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं. पट्टी रीस्टार्टनं लावली होती. पण मशीन मी दिलं होतं.

नवऱ्यानं लॅपटॉपचा चुरा केला होता. फोटो आता फक्त आमच्या डिस्कवर होते. आता देतो म्हटलं तर नको म्हणाली, तो रोज पिशवीची झडती घेतो. उद्या अकरा वाजता वकीलबाईंना घेऊन येते, डिस्क घेते आणि घरी परत जात नाही. तेवढी उद्यापर्यंत सांभाळा.

ती गेल्यावर रीस्टार्ट कितीतरी वेळ कात्री आणि चिकटपट्टी घेऊन बसला. मी उखडले. म्हटलं, एवढं होऊनही तुझं पट्टीचं वेड जात नाही का? तो पट्टी कापत राहिला.

चारच्या सुमाराला नवरा आला. हातात माझीच पावती आणि पिशवीत हातोडा. पावतीच्या तळाशी मीच छापून घेतलं होतं, 'मशीनमधील मजकुराची प्रत पंधरा दिवस जपून ठेवली जाते.' त्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि विचारलं, प्रत कुठंय? रीस्टार्ट म्हणाला, पुसली. पहिला घाव काउंटरच्या काचेवर बसला, काचा माझ्या मांडीत आल्या. दुसरा स्क्रीनवर. मग तो आत घुसला आणि कुणाचं काय आहे हे न बघता फोडत सुटला. मी त्याचा शर्ट धरला तर कोपर असं मारलं की पुढचा दात हलला. मी भिंतीशी बसले ती उठूच शकले नाही.

मग त्याची नजर फळीवर गेली. सगळ्या डिस्का ओळीत आणि प्रत्येकीवर पट्टी. तिचं नाव त्यानं वाचायच्या आत रीस्टार्टनं ती डिस्क ओढली आणि दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरली. नवरा म्हणाला, सोड. यानं सोडली नाही. हातोडा बोटांवर पडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकलाय, देव करो आणि कुणाला ऐकायला न लागो. माझा भाऊ गुरासारखा ओरडला, पण हात काढला नाही. दुसरा घाव. मी रडत विनवत होते, दे रे त्याला, मेली ती डिस्क, सोड, तुझे हात गेले तर काय करशील. हो, बाईचा जीव मी त्या क्षणी विकायला काढला होता. माझा भाऊ होता तो. तिसऱ्या घावाला हात आपोआप सुटला. नवऱ्यानं डिस्कचे तुकडे होईपर्यंत हातोडा चालवला, तुकडे पिशवीत भरले आणि शटरखालून वाकून निघून गेला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उजव्या हाताची दोन बोटं यापुढे वाकणार नाहीत. मी बाहेर बाकावर बसून रडले आणि मग आत जाऊन त्याच्यावरच चिडले. म्हटलं, हातही घालवलेस आणि डिस्कही. उद्या अकराला त्या बाईला कुठल्या तोंडानं सामोरं जाऊ?

प्लास्टर ओलं होतं. त्यानं डोळे उघडले.

"ताई, त्या डिस्कवर माझ्या वेबसाइट होत्या. सगळ्या. पट्टी तेवढी तिच्या नावाची लावली." पुढे म्हणाला, "सहज सोडली असती तर त्याला संशय आला असता."

खरी कुठंय, मी विचारलं.

"तुझ्या ड्रॉवरमध्ये, शिक्क्याच्या मागे. तिच्यावर पट्टी नाही." मग डोळे मिटून म्हणाला, "तिच्याच हातात दे. पावती मागू नकोस."

दुसऱ्या दिवशी अकराला मी फुटक्या काउंटरमागे उभी होते. बाई वकीलबाईंबरोबर आली आणि आल्या आल्या सवयीनं पर्स उघडून पावती शोधायला लागली. पावती तिच्याकडे नव्हतीच, ती कुणाकडे आहे हे आम्हा दोघींना माहीत होतं. मी तिचा प्लास्टर नसलेला हात ओढला आणि डिस्क त्यात ठेवली.